सोडलेला मासा दुसऱ्या दिवशी तरंगतो: लूअर गिळलेल्या माशाचं करायचं काय?

गळानं मासा धरून परत पाण्यात सोडणाऱ्यांची तक्रार नेहमी एकच असते. मासा लागला, वर घेतला, बघतो तर लूअर, म्हणजे गळ लावलेलं नकली आमिष, तोंडात दिसतच नाही. दोरी सरळ घशात गेलेली. मग पकड घालून, पिरगाळून, ओढून कसाबसा गळ निघतो. मासा पाण्यात सोडला की शेपटीचा एक फटकारा मारतो आणि खाली जातो. सगळे खूश. दुसऱ्या दिवशी तोच मासा काठाला, केंदाळात, पांढरं पोट वर करून पडलेला.

हरिपूरच्या संगमावर असो, म्हैसाळच्या बंधाऱ्याखाली असो की कराडजवळ खोडशीला, चार गळवाले एकत्र आले की हा विषय निघतोच. आणि बहुतेकांचं उत्तर ठरलेलं: "माझे मासे मरत नाहीत, चांगले पळत जातात." माझंही बरीच वर्षं हेच उत्तर होतं. नदीत मेलेला मासा दिसत नाही, एवढंच त्याचं कारण. प्रवाह त्याला खाली नेतो, कुत्री ओढून नेतात, कासवं खातात, आणि आपल्या कृष्णेत तर मगरीही आहेत. पुरावा शिल्लक राहत नाही, म्हणून आपल्याला वाटतं की मासा जगला.

माझे डोळे उघडले ते मामांच्या तळ्यावर. मळा तासगावकडचा, द्राक्षाचा. कोपऱ्यात जुनं मातीचं तळं आहे, हल्लीसारखं प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं नव्हे. ओढ्याच्या पाण्याबरोबर आलेल्या मरळी तिथं कायमच्या मुक्कामाला आहेत. एका रविवारी रबरी बेडकावर दोनेक किलोची मरळ आली. बेडूक पार आत गेलेला. तो नवा होता, महाग होता, आणि खरं सांगायचं तर मला माशापेक्षा त्या बेडकाची काळजी जास्त होती. पाच-सात मिनिटं मी तिच्या घशात पकड फिरवत होतो. बेडूक निघाला, थोडं रक्त आलं, मरळ सोडली, ती गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी मला तळ्यावर नेलं.

"काल सोडलेली ती हीच न्हवं?"

"दिसतीय तर तीच."

"मग सोडून काय मिळवलंस? कालच दिली असतीस तर मामीनं कालवण तरी केलं असतं."

ह्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. त्यानंतर मी त्या तळ्यावर सोडलेला प्रत्येक मासा दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी शोधायला लागलो. तळं लहान असल्यानं मेलेला मासा लपत नाही. माझ्या चुका तिथं उघड्या पडल्या. पुढचं बरंचसं त्यातून आलेलं आहे, आणि थोडं वाचनातून.

मरतो कशानं?

आधी शरीर समजून घ्या, म्हणजे उपाय आपोआप सुचतील. माशाचं हृदय आपल्यासारखं छातीत मध्यभागी नसतं. ते कल्ल्यांच्या लगेच मागं, घशाच्या खालच्या बाजूला असतं. घशात रुतलेला गळ आणि हृदय ह्यांच्यात अंतर असतं ते बोटभर, लहान माशात त्याहून कमी. त्या जागी पकड घालून आपण गळ हिसडतो, तेव्हा गळाचा उलटा काटा, म्हणजे बार्ब, मांस फाडत बाहेर येतो. जवळच कल्ल्यांच्या कमानी असतात. कल्ला म्हणजे रक्तानं भरलेली झालर. तिला जखम झाली तर रक्त सहजी थांबत नाही. थोडं आणखी मागं अन्ननलिका, मग यकृत. हे सगळं एका मुठीत मावेल एवढ्या जागेत.

म्हणून ओठाला किंवा जबड्याच्या कोपऱ्याला लागलेला मासा आणि घशात लागलेला मासा, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला नीट हाताळला तर बहुतेक वेळा जगतो. पकडून सोडलेल्या माशांवर जगभर झालेल्या अभ्यासांचा एक मोठा आढावा २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात मृत्यूचं सरासरी प्रमाण १८ टक्के निघालं, पण मध्यक फक्त ११. म्हणजे बऱ्याच ठिकाणी मासे कमी मेले आणि काही ठिकाणी खूपच जास्त. ह्या फरकामागच्या कारणांत गळ शरीरात नेमका कुठं लागला, हे सगळ्यात वरचं.

दुसरी गोष्ट, मासा लगेच मरत नाही. आतला रक्तस्राव, थकवा, फाटलेली अन्ननलिका ह्यांचा हिशोब व्हायला काही तास ते एक-दोन दिवस लागतात. पोहत गेला म्हणून वाचला असं धरू नका. अपघातानंतर उठून चालत घरी गेलेला आणि रात्री दवाखान्यात न्यावा लागलेला माणूस आपण पाहिलेला असतो, तसंच हे.

गळ दिसत नाही, आता काय?

आता मुद्द्याचं. गळ घशात गेला आणि तुम्हाला मासा सोडायचाच आहे, तर गळ काढू नका. दोरी कापा.

हे पहिल्यांदा ऐकलं की पटत नाही. लोखंडाचा तुकडा आत ठेवून मासा जगेल कसा? मलाही पटलं नव्हतं. पण कॅनडात ब्लूगिल नावाच्या तळहाताएवढ्या माशावर २००९ साली नेमका हाच प्रयोग झाला. खोल गळ लागलेल्या माशांपैकी काहींचा गळ काढला, काहींची फक्त दोरी कापली. दहा दिवसांनी गळ काढलेल्यांपैकी ४४ टक्के मेले होते, दोरी कापलेल्यांपैकी १२.५ टक्के. आणि दोरी कापलेल्या माशांपैकी ७० टक्क्यांहून जास्त माशांनी त्या दहा दिवसांत गळ स्वतःच टाकून दिला होता. ट्राउट माशांवरच्या जुन्या प्रयोगांचा कलही त्याच बाजूला आहे.

आपल्या मरळीवर किंवा खडसावर (म्हणजे महसीरवर) हेच आकडे जसेच्या तसे लागू होतील असं मी म्हणणार नाही. पण शरीराची रचना तीच आहे आणि मामांच्या तळ्यावर मला दिसलं तेही ह्याच दिशेचं होतं. पकड घालून खणलेल्या मरळी तरंगल्या. दोरी कापलेल्या सहसा तरंगल्या नाहीत.

दोरी कापताना ती गळाच्या जितक्या जवळ जमेल तितक्या जवळ कापा, पण त्यासाठी कात्री घशात खुपसू नका. तोंडाबाहेर वीतभर दोरी लोंबकळत ठेवू नका. ती केंदाळात, काटेरी झुडपात अडकते आणि गळ पुन्हा ओढला जातो. ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, वापरत असाल तर साध्या कात्रीनं ती नीट कापत नाही, नुसती चघळली जाते. धारदार कटर लागतो. माझ्या खिशात नखं कापायचं नेलकटर असतं. लोक हसतात, पण ब्रेड त्यानं एका दाबात तुटते.

एक गैरसमज इथंच मोडतो: "पोटातलं आम्ल गळ विरघळवून टाकतं." रोहू, कटला, मृगळ, खडस हे सगळे एकाच कुळातले, आणि ह्या कुळातल्या माशांना जठरच नसतं. अन्ननलिका थेट आतड्याला जोडलेली असते. आम्ल येणार कुठून? मरळ आणि शिंगाळ्याला जठर असतं, पण तिथंही गळ साखरेसारखा विरघळत नाही. गळ हळूहळू गंजतो, किंवा त्याच्याभोवतीचं मांस सैल होऊन तो बाहेर पडतो. म्हणून स्टेनलेस स्टीलचे गळ गोड्या पाण्यात वापरायचं मला काही कारण दिसत नाही. साधा काळा किंवा ब्रॉन्झ रंगाचा गळ घ्या. तो दोन पावसाळ्यांत डब्यातच गंजतो अशी तक्रार आपण करतो; माशासाठी तोच त्याचा गुण आहे.

खडसाच्या बाबतीत आणखी एक. त्याच्या जबड्यात दात नसतात. दात असतात घशात, आणि ते भक्कम असतात. शिंपले-खेकडे तो तिथं नेऊन फोडतो. त्यामुळे खडसानं लूअर घेतला तर तो घशापर्यंत नेऊन चिरडायचा त्याचा स्वभावच आहे. लूअरवर दातांचे ओरखडे दिसतात ते तिथले.

पण अख्खा लूअर आत ठेवायचा?

हा प्रश्न रास्त आहे, आणि इथं "दोरी कापा" हे उत्तर पुरत नाही. सुटा गळ वेगळा, आणि बोटाएवढा लाकडी किंवा प्लॅस्टिकचा मासा, त्याला तीन-तीन टोकांचे दोन गळ, ही गोष्ट वेगळी. तो आत राहिला तर माशाला खाताच येणार नाही.

मऊ रबरी लूअर असेल, शेपटी हलणारा, तर तो सगळ्यात वाईट. मऊ असतो म्हणून मासा थुंकत नाही, खरं भक्ष्य समजून गिळतो. पण सोय अशी की रबर गळावरून ओढून काढता येतं. लांब चिमट्यानं रबर धरून आपल्याकडं ओढा, ते फाटून निघतं. उरतो सुटा गळ, मग दोरी कापा. रबर आत सोडू नका. ते पचत नाही, आणि पोटात पडून राहतं. अशी रबरं पोटात साठलेले मासे सापडलेले आहेत. तुटलेली, वापरून फाटलेली रबरी शेपूट पाण्यात फेकून देणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. मासा ती गळाशिवायही गिळतो.

रबराबरोबर शिशाचं डोकं असलेला गळ असेल तर तो आत ठेवायला माझा हात धजत नाही. इंग्लंडात १९८७ सालीच गळाला लावायच्या बहुतेक लहान शिशाच्या वजनांवर बंदी आली, कारण ती गिळून हंस मरत होते. आपल्याकडं तो मासा उद्या पाणकावळा किंवा घार उचलणार. अशा वेळी मी मासा घरी नेतो.

कडक लूअर आत गेला असेल तर पकडीऐवजी कटर हातात घ्या. तीन तोंडी गळाचं एकेक टोक, जिथं दिसतंय तिथं, छाटायचं. बहुतेक वेळा एक किंवा दोनच टोकं रुतलेली असतात. तेवढी तुटली की लूअर सहज सरकतो आणि रुतलेली लहान टोकं आत राहतात. गळ नवीन घालता येतो, चाळीस-पन्नास रुपयांचं काम. लूअरला गळ जोडणारी दुहेरी कडी उघडता आली तर आणखी सोपं. हे सगळं मिनिटभरात झालं पाहिजे. होत नसेल तर मासा सोडायचा हट्ट सोडा.

रबरी बेडकाचं थोडं वेगळं आहे. त्याचे दोन गळ वर तोंड करून अंगालगत असतात आणि बहुतेक वेळा वरच्या जबड्यात बसतात. तो आत जातो तेव्हा चूक आपली असते. ते पुढं सांगतो.

गळाचा वाकडा भाग दिसत नाही पण दांडी दिसतेय, अशी अधलीमधली अवस्था असली तर मी एकदा, फक्त एकदाच, प्रयत्न करतो. चिमट्यानं दांडी धरायची आणि आपल्याकडं न ओढता आधी किंचित आत ढकलायची, म्हणजे टोक मांसातून मोकळं होतं, मग फिरवून बाहेर. बार्ब आधीच पकडीनं दाबून टाकलेला असेल तर हे दहा सेकंदात होतं. बार्ब तसाच असेल तर होत नाही. दुसऱ्यांदा प्रयत्न करायचा मोह होतो, तिथंच मासा मरतो.

रक्त येत असेल तर

कल्ल्यातून भळभळा रक्त येतंय, तर तो मासा सोडू नका, त्याला लगेच मारा आणि खा. थोडं रक्त असेल तर पाण्यात सोडून द्या, हातात धरून बघत बसू नका.

मोबाईलवर एक व्हिडिओ फिरत असतो: रक्त येणाऱ्या कल्ल्यावर थंड पेयाची बाटली ओतायची, रक्त थांबतं म्हणे. कॅनडात पाईक माशांवर हे तपासून झालंय. काही फायदा दिसला नाही. बाटली तुम्हीच प्या.

हवेत किती वेळ?

आपण "एक फोटो, भावा, अजून एक" म्हणतो तेव्हा मासा श्वास रोखून धरलेला असतो. कॅनडातच १९९२ साली ट्राउटवर झालेल्या प्रयोगात माशांना आधी दमेपर्यंत पळवलं. हवेत न काढलेल्यांपैकी १२ टक्के मेले, तीस सेकंद हवेत ठेवलेल्यांपैकी ३८ टक्के, आणि साठ सेकंद ठेवलेल्यांपैकी ७२ टक्के. ट्राउट थंड पाण्यातला नाजूक मासा आहे, मान्य. पण दमलेल्या माशाला हवेतला अर्धा मिनिट किती महाग पडतो, हे त्यावरून कळतं. गळ गिळलेल्या माशाला तर आधीच जखम आहे. त्याचा फोटो नकोच.

मरळीला मात्र हा नियम उलटा लागतो, आणि इथं बाहेरचे व्हिडिओ बघून शिकलेली पोरं हमखास चुकतात. मरळ हवा घेणारा मासा आहे. कल्ल्यांच्या वर तिला हवेसाठी वेगळी जागा असते आणि थोड्या थोड्या वेळानं ती वर येऊन घोट घेते. ओल्या पोत्यात घालून बाजारात तास न् तास जिवंत ठेवतात ती ह्याच जोरावर. तेव्हा मरळीला "शुद्धीवर आणायला" पाण्याखाली धरून ठेवू नका. तिला वर येऊ दिलं नाही तर ती पाण्यात गुदमरते. हे वाक्य विचित्र वाटतं, पण तसंच आहे. मरळ उथळ पाण्यात सोडा, तिची ती बघून घेईल. ह्याचा अर्थ ती चिवट आहे म्हणून घशात पकड चालते, असाही नाही. श्वासाचा चिवटपणा वेगळा, फाटलेला घसा वेगळा.

खडस, रोहू, कटला ह्यांना उलट कल्ल्यावरून वाहतं पाणी लागतं. तोंड प्रवाहाकडं करून हलकेच आधार द्या. तळ्यात प्रवाह नसेल तर माशाला पुढं पुढं फिरवा. पुढं-मागं, पुढं-मागं करू नका. मागं ओढलं की पाणी उलट्या दिशेनं कल्ल्यात शिरतं.

आणि हा आधार देताना तुम्ही उभे कुठं आहात ते बघा. पुस्तकात, व्हिडिओत लिहिलेलं असतं की गुडघाभर पाण्यात उतरा, मासा दोन्ही हातांत धरा, तो स्वतःहून जाईपर्यंत थांबा. भिलवडी, औदुंबरपासून सांगलीपर्यंतच्या पट्ट्यात असला सल्ला ऐकायचा नाही. तिथं मगरी आहेत, माणसांवर हल्ले झालेले आहेत, आणि तुम्ही काठाशी वाकून तडफडणारा मासा पाण्यात हलवताय, म्हणजे आमंत्रणच. घाटाच्या पायरीवरून, लांब दांड्याच्या जाळीतच मासा पाण्यात ठेवा, सावरला की जाळी उलटी करा. जाळी रबरी असावी. गाठीच्या नायलॉनच्या जाळीनं खवले आणि अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला जातो आणि पुढं तिथं बुरशी धरते. कोरड्या हातानं, घाटाच्या तापलेल्या दगडावर ठेवल्यानंही तेच होतं.

पाणी कोणतं आहे?

एप्रिल-मेमध्ये हेच सगळं नीट करूनही मासे मरतात, तेव्हा दोष पाण्याचा असतो. वीस अंशाच्या स्वच्छ पाण्यात लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तीस अंशाला साडेसातच्या आसपास. गरम पाण्यात माशाची गरज वाढते आणि पुरवठा घटतो. त्यात उन्हाळ्यात नदीची धार बारीक झालेली, बंधाऱ्यामागचं पाणी हिरवं-काळं पडलेलं. कृष्णेत मासे मरून तरंगल्याच्या बातम्या सांगलीकरांना नव्या नाहीत. ज्या पाण्यात न पकडलेला मासाही वर येऊन तोंड उघडतोय, त्यात पकडून दमवलेला, घशात गळ अडकलेला मासा सोडणं म्हणजे निव्वळ आपल्या मनाचं समाधान. अशा दिवसांत मी गळ टाकतच नाही.

आणखी एक फसवी गोष्ट. पहाटे पाणी थंड असतं म्हणून पहाट चांगली, असं आपण धरतो. वाहत्या नदीत ते खरं. पण शेवाळ-केंदाळानं भरलेल्या तळ्यात रात्रभर ती झाडंही प्राणवायू वापरतात, आणि उजाडायच्या वेळी पाण्यातला प्राणवायू सगळ्यात कमी असतो. मामांच्या तळ्यावर कटला सोडायचा असेल तर मी ऊन थोडं वर आल्यावरच बसतो.

मासा खेळवण्यातही हेच. बारीक दोरीवर मोठा मासा वीस मिनिटं दमवण्यात मर्दुमकी वाटते. जाड दोरी घ्या आणि लवकर वर घ्या.

पुन्हा पुन्हा का गिळतो?

इथपर्यंत सगळी मलमपट्टी झाली. महिन्यातून एकदा असं होत असेल तर नशीब म्हणा. पण प्रत्येक फेरीत होत असेल तर चूक तुमच्या पद्धतीत आहे.

माझ्या बाबतीत मूळ कारण होतं ढिली दोरी. लूअर टाकायचा, रॉड मांडीवर, एका हातात चहा, आणि दोरीला पोक आलेला. मासा लूअर घेतो, फिरतो, गिळतो, आणि मला कळतं तेव्हा तो आत पोचलेला असतो. दोरी ताठ असती तर घेतल्याक्षणी हाताला ठोका लागला असता आणि गळ ओठात बसला असता. रबरी लूअर तळाला टाकून थांबवून ठेवायची पद्धत ह्यात सगळ्यात धोक्याची. चालता लूअर घशात क्वचित जातो, थांबलेला जातो.

बेडकावर मरळ मारताना सगळे सांगतात, "लगेच हिसका देऊ नको, तीनपर्यंत मोज." सल्ला खोटा नाही, लगेच हिसका दिला तर बेडूक तोंडातून निसटतो. पण तीन मोजता मोजता आपण पाच मोजतो. मी मोजणं सोडलं. पाणी उडालं की रॉड खाली, रील फिरवून दोरी ताठ करायची, वजन लागलं की हिसका. मोठी मरळ असेल तर सेकंदभरात वजन लागतं, लहान असेल तर बेडूक निसटतो. निसटू द्या, लहान मरळीचं काय करणार आहात?

लूअरचा आकारही बघा. अर्ध्या बोटाचा लूअर दोन किलोची मरळ एका घोटात पार करते. तिच्या तोंडाच्या मानानं मोठा लूअर टाकला तर तो घशात जाणं अवघड. तीन तोंडी गळ सहजी गिळला जात नाही हे खरं, पण लागला तर चार ठिकाणी लागतो, डोळ्यातसुद्धा. मी बहुतेक लूअरचे तीन तोंडी गळ काढून मागं एकच सुटा गळ लावतो, बार्ब दाबलेला. त्यानं मासे निसटतात का? थोडे निसटतात. दोरी ताठ ठेवायची सवय लागली की फार नाही.

पावसाळ्यात तळ्यात मरळीच्या लालसर पिल्लांचा घोळका वर येताना दिसला तर त्यावर बेडूक टाकू नका. ती मरळ भुकेनं नाही, पिल्लांसाठी धावून येते आणि त्या आवेशात लूअर पार आत घेते. तुम्ही तिला दहा मिनिटांनी सोडली तरी मधल्या वेळात पिल्लं दुसऱ्या माशांनी खाल्लेली असतात. ह्या बाबतीत मी कुणाशी वाद घालत नाही, सरळ उठून जातो.

आमिषावर, म्हणजे गांडूळ, पीठ, कोळंबीवर बसणाऱ्यांसाठी सर्कल हुक हा खरा इलाज आहे. त्याचं टोक आत दांडीकडं वळलेलं असतं. मासा गिळून निघाला की गळ घशातून घसरत येतो आणि जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. अट एकच: हिसका द्यायचा नाही. दोरी ताणली गेली की नुसतं रील फिरवायचं. आपल्या हाताला हिसक्याची इतकी सवय असते की पहिल्या दिवशी सगळे मासे सुटतात आणि माणूस गळाला शिव्या देतो. दुकानात घेताना गळ टेबलावर आडवा ठेवून बघा. टोक एका बाजूला तिरकं वळलेलं असेल तर घेऊ नका, त्यानं फायदा घटतो.

सोडूच नये असे मासे

चिलापी आणि आफ्रिकन मांगूर सोडायचा प्रश्नच येत नाही. दोन्ही बाहेरून आलेले, दोन्हींनी आपल्या नद्यांत पाय पसरलेत, आणि मांगूर पाळायलाही बंदी आहे. गळ गिळला असो वा ओठात असो, पाण्यात परत टाकू नका. कोयना आणि चांदोलीच्या राखीव क्षेत्रात तर गळच टाकायचा नाही, आणि धरणांवर बहुधा मच्छीमार संस्थांचा ठेका असतो, त्यांना विचारल्याशिवाय बसू नका. देशी मासा असला तरी गळ खोल गेलाय, रक्त चाललंय आणि खायला परवानगी आहे, तर खावा. त्यात कमीपणा नाही. कापताना मात्र घरच्यांना आधी सांगा की आत गळ आहे. मी एकदा विसरलो होतो आणि आईच्या बोटात तो गेला. त्या दिवशी मासे सोडण्याबद्दलची माझी सगळी मतं घरात पुन्हा एकदा तपासली गेली.

एक गोष्ट मला अजून जमलेली नाही, ती म्हणजे रात्रीचा शिंगाळा. रॉड काठीच्या बेचक्यात लावून, घुंगरू बांधून बसलं की घुंगरू वाजेपर्यंत त्यानं गळ पोटात नेलेला असतो. सर्कल हुकनं फरक पडला, पण पुरेसा नाही. दोरी बोटावर धरून बसलो तर बरं होतं, पण रात्री दोनपर्यंत बोट जागं राहत नाही. कुणी रात्रीच्या गळाला शिंगाळा ओठात लावून दाखवत असेल तर सांगा, मी रॉड घेऊन येतो. तोवर मी आठनंतर दोनच रॉड लावतो, जागा असेन तेवढा वेळच लावतो, आणि रात्री लागलेला शिंगाळा घरी नेतो.